सरकारी सुतक

माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग 26 डिसेंबर 2024च्या रात्री दिल्लीच्या एम्समध्ये गेले. केंद्र सरकारने 1 जानेवारीपर्यंत सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. राष्ट्रध्वज अर्ध्यावर, सरकारी करमणुकीचे कार्यक्रम रद्द. इथपर्यंत कुणाची तक्रार असण्याचं कारण नाही, माझीही नाही. मग दुसरा आदेश आला: अंत्यसंस्काराच्या दिवशी, म्हणजे 28 डिसेंबरला, केंद्राच्या सगळ्या कार्यालयांना आणि सार्वजनिक उपक्रमांना अर्ध्या दिवसाची सुट्टी.

28 डिसेंबरला शनिवार होता, तोही महिन्यातला चौथा. केंद्राच्या प्रशासकीय कार्यालयांना 1985पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना तो 29 फेब्रुवारी 2020पासून लागू झाला. चौथ्या शनिवारी बँकाही बंद. म्हणजे बहुतेक कार्यालयांपुरता हा आदेश आधीच कुलूप असलेल्या दाराला दुसरं कुलूप लावण्याचा होता.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. अटलबिहारी वाजपेयी 16 ऑगस्ट 2018ला गेले, अंत्यसंस्कार 17 तारखेला झाले. केंद्राने त्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली, अनेक राज्यांनी पूर्ण दिवसाची. आपल्याकडे महाराष्ट्रात 17 ऑगस्टला पारशी नववर्षाची सार्वजनिक सुट्टी आधीपासूनच होती. दोन माजी पंतप्रधान, दोन सुट्ट्या, आणि दोन्ही वेळा आपल्या इथल्या कचेऱ्यांना आदेशाची गरजच पडली नाही. तरी आदेश निघतात, कारण निघायचा प्रघात आहे. हा प्रघात नेमका कोणासाठी आहे, हे कुणीतरी विचारायला हवं. मी विचारतो.

मुळात नियम काय आहे? केंद्राच्या 1997 सालच्या सूचनेनंतर सार्वजनिक सुट्टीची गरज फक्त राष्ट्रपती किंवा पंतप्रधान पदावर असताना गेले तर धरली जाते. माजी नेत्यासाठी कार्यालयं बंद ठेवणं बंधनकारक नाही. ते त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर आहे. राज्य सरकारांकडे परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे 1881चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, आहे. हुंड्या आणि धनादेशांच्या व्यवहारांसाठी इंग्रजांनी केलेला कायदा. त्याच्या 25व्या कलमाचा अधिकार वापरून एका सहीत अख्खं राज्य बंद करता येतं. सुट्टी मर्जीची आहे म्हटल्यावर ती कुणाला मिळते, किती मिळते, यात मर्जीच दिसणार.

दोन नावं आठवून पाहा. पी. व्ही. नरसिंह राव 23 डिसेंबर 2004ला गेले. आमच्या वर्ध्याला लागून असलेल्या रामटेकचे ते दोन वेळचे खासदार. नागपुरात कायदा शिकलेले, मराठी उत्तम येणारे, ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे. त्यांचं पार्थिव पक्षाच्या मुख्यालयाच्या फाटकातून आत गेलं नाही, अंत्यसंस्कार दिल्लीत नव्हे तर हैदराबादला झाले. विश्वनाथ प्रताप सिंग गेले 27 नोव्हेंबर 2008ला. मुंबईत ताज आणि ओबेरॉय पेटलेले होते, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. त्यांच्या मरणाकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. तेव्हा दुखवट्याची लांबीरुंदी माणसाच्या कामावर ठरते असं कुणी सांगू नये. ती ठरते मरणाच्या तारखेवर आणि त्या दिवशी दिल्लीत कुणाला काय दाखवायचं आहे त्यावर.

आता सुतकाबद्दल. आमच्याकडे गावात मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. मग आजूबाजूच्या चार घरच्या चुली रोजच्यापेक्षा जास्त पेटतात. कुणाकडून पिठलं-भाकर येते, कुणी नुसता चहा घेऊन येतं, कुणी त्या घरची गुरं पाण्यावर नेतं. मातीला सगळं गाव जातं, पण मातीहून आल्यावर कुणीतरी त्या घरच्या म्हातारीच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्येही जातं. सुतक भाऊबंदांना लागतं, आणि ते पाळण्याचा त्रासही भाऊबंदच सोसतात. शेजाऱ्याने स्वतःची चूल विझवून ‘मलाही फार दुःख झालं’ म्हणत ओट्यावर बसायचं, असा रिवाज मी आमच्या जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत कुठे ऐकलेला नाही. सरकारने मात्र हाच रिवाज काढला आहे. त्यातही चूल विझते ती सरकारच्या घरची नाही. पगार चालू असतो. उपाशी राहतो तो त्या दिवशी दारात आलेला माणूस.

अशा एका दिवसाची हकिगत सांगतो. ती नेत्याच्या नाही, लता मंगेशकरांच्या दुखवट्याची आहे, पण यंत्रणा तीच. 6 फेब्रुवारी 2022, रविवारी सकाळी लताबाई गेल्या. त्याच दिवशी राज्य शासनाने सोमवारी, 7 तारखेला सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. शनिवार-रविवार आधीच बंद, म्हणजे सलग तीन दिवस. तेव्हा मी गावी राहून काम करत होतो. करोनामुळे कंपनीने घरी बसवलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना तालुक्याच्या कचेरीत निराधार योजनेसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. नवरा नाही, मुलगा असून नसल्यासारखा. योजनेचे तेव्हा महिन्याला 1000 रुपये मिळायचे. एसटीचा संप चालू होता, तो आदल्या ऑक्टोबरच्या अखेरीपासून सुरू झाला आणि एप्रिलपर्यंत चालला. गावातून तालुक्याला जायचं तर काळीपिवळी, तीही भरली तरच सुटणारी, आणि संपामुळे भाडं दुप्पट. हरभऱ्याच्या सोंगणीचे दिवस. सोंगणीची 200 रुपये मजुरी सोडून, भाड्याचे पैसे हातउसने घेऊन मावशी सकाळी गेल्या आणि दुपारी परत आल्या.

“बंद हाय म्हणे,” त्या म्हणाल्या. “लता मंगेशकर गेल्या म्हणून. गेल्या त गेल्या बाप्पा, चांगल्या वयानं गेल्या. पण मी जित्ती हावो हे सांगाले गेली होती, त माहा कागद काहून अडला?”

मी यावर बरीच उत्तरं शोधली. एकही सापडलं नाही.

महिन्याच्या हजारातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त रक्कम त्या एका फेरीत गेली. हा हिशोब कोणत्याही आदेशात येत नाही. सुट्टी मिळते त्या माणसाचा दिवस भरपगारी असतो. सुट्टी सोसतो त्याचा बिनपगारी. कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून बसणारा अर्जनवीस, झेरॉक्सवाला, मुद्रांक विकणारा, चहाची टपरी, या सगळ्यांचाही धंदा बसतो. यांपैकी कुणाला विचारून दुखवटा ठरत नाही. मराठीत याला जुनी म्हण आहे: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. दान करायचं, आणि ते दुसऱ्याच्या मालमत्तेचं. दिवस मावशींचा, तो अर्पण करणार मंत्रालय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक गोष्ट आमच्या धंद्यातली. आम्हाला एखादी सेवा दोन तास बंद ठेवायची असेल तर आधी कळवावं लागतं, रात्रीची वेळ निवडावी लागते, आणि त्या दोन तासांतही कुणीतरी फोनवर जागा असतो. न सांगता बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी का पडलं याचा लेखी जबाब द्यावा लागतो. कारण काहीही असो, वापरणाऱ्याचं जे नुकसान झालं ते नुकसान म्हणूनच मोजलं जातं. यात आमचा मोठेपणा नाही, गिऱ्हाईक सोडून जाईल ही भीती आहे. तहसील कचेरीला ती भीती नाही. मावशी दुसऱ्या तहसीलमध्ये जाऊ शकत नाहीत. जिथे माणसाला दुसरं दारच नाही, तिथलं दार बंद करताना जास्त विचार करावा लागतो. आपण नेमकं उलट करतो.

पुन्हा मनमोहन सिंगांकडे येतो, कारण त्यांच्या बाबतीत ही सुट्टी नुसती निरुपयोगी नव्हती, तिने त्यांचं कामच झाकून टाकलं.

2006च्या जूनअखेरीस ते विदर्भात आले होते. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या दिल्लीपर्यंत पोचल्या होत्या. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायफडला ते शेतकऱ्यांना भेटले. मी तेव्हा चौथीत होतो. गावातली मोठी माणसं ‘पंतप्रधान वायफडला आला’ म्हणून दोन दिवस त्याशिवाय दुसरं बोलत नव्हती. त्यानंतर वर्ध्यासह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातलं किती कुठे मुरलं यावर आमच्याकडे अजून वाद होतात. 2008ची कर्जमाफी आली तेव्हा पूर्ण माफीला दोन हेक्टरची अट होती. पाच-सात एकर कोरडवाहू कापूसवाला, ज्याच्यासाठी सगळा गाजावाजा झाला, तोच त्या रेघेच्या पलीकडे राहिला. सात एकर आहे म्हणून तो मोठा शेतकरी ठरला. ओलिताखालचं एक एकर आणि पावसावरचं एक एकर यांतला फरक दिल्लीच्या फाइलीत मावला नाही. तेव्हा मी मनमोहन सिंगांचा भक्त म्हणून लिहीत नाही.

पण त्यांच्या कारकिर्दीत झालेल्या तीन गोष्टी बघा. माहितीचा अधिकार, 12 ऑक्टोबर 2005पासून लागू. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा, त्याच वर्षीचा. त्याची मूळ कल्पना आपल्या वि. स. पाग्यांच्या महाराष्ट्रातल्या योजनेची. आणि आधार: पहिलं कार्ड 29 सप्टेंबर 2010ला नंदुरबारच्या टेंभलीत, ते स्वतः हजर असताना दिलं गेलं. या तिन्हींत एक साम्य आहे. तिन्ही गोष्टी कचेरीच्या खिडकीवर राहतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यायचा, तीस दिवसांत उत्तर मागायचं. काम मागायचं आणि पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता मागायचा. बोटाचा ठसा द्यायचा आणि जुळला नाही तर पुन्हा रांगेत उभं राहायचं. ज्या माणसाने सामान्य नागरिकाच्या हाती कचेरीला प्रश्न विचारण्याचा कागद दिला, त्याच्या नावाने कचेरी बंद करायची? मग बाकी काय राहिलं? उद्या एखाद्या शिक्षकाच्या स्मरणार्थ फळा पुसून ठेवा.

वाजपेयींचंही तेच. किसान क्रेडिट कार्ड त्यांच्या सरकारचं, 1998चं. अंत्योदय अन्न योजना आणि ग्रामसडक योजना दोन्ही 25 डिसेंबर 2000च्या. अंत्योदयाचं कार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेतून मिळतं. विश्वनाथ प्रताप सिंगांनी 7 ऑगस्ट 1990ला मंडल आयोग लागू करण्याची घोषणा केली. आज वर्ध्यातल्या कुणबी, तेली, माळी घरची पोरं जात प्रमाणपत्रासाठी आणि नॉन-क्रिमिलेयरसाठी ज्या रांगेत उभी राहतात, ती रांग हेच त्यांचं आमच्या जिल्ह्यातलं स्मारक. आवडो न आवडो, नेता मेल्यावर पुतळ्यात कमी आणि या खिडक्यांवर जास्त उरतो. ती खिडकी उघडी ठेवणं हा त्याचा मान. ती बंद करणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोचवणं.

यावर मला जे सांगितलं जातं ते असं: ‘तुम्हा आयटीवाल्या पोरांना भावना नाहीत. राष्ट्र म्हणून काही एक सामुदायिक शोक असतो. गांधीजी गेले तेव्हा सगळा देश थांबला होता.’

बरोबर, थांबला होता. मी ज्या जिल्ह्यात जन्मलो तिथे हे सांगायला नको. पण तो थांबला तो आदेशाची वाट न बघता. दुकानदाराने स्वतःची फळी स्वतः लावली, त्या दिवसाचा गल्ला स्वतः बुडवला. हरताळ आणि सुट्टी यांतला फरक एवढाच आणि एवढा मोठा आहे. हरताळात माणूस स्वतःचं काही सोडतो. 6 एप्रिल 1919चा रौलट कायद्याविरुद्धचा हरताळ गांधींनी रविवारी ठेवला, आणि ज्यांना रविवारीही कामावर जावं लागतं त्यांनी मालकाची आधी परवानगी मिळाली तरच काम थांबवावं असं बजावलं. सार्वजनिक हिताची गरजेची कामं त्यातून वगळली. साम्राज्याशी लढताना हा माणूस दुसऱ्याच्या रोजीची एवढी काळजी घेत होता. स्वतंत्र देशाच्या सचिवालयाला शोकाच्या दिवशी ती घेता येत नाही?

आणि गांधींसाठी सरकार आजही काय करतं? 30 जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा वाजतो, दोन मिनिटं स्तब्धता, पुन्हा काम. सुट्टी नाही. सुट्टी असते 2 ऑक्टोबरला, जन्माची. राष्ट्रपित्याच्या हत्येला दोन मिनिटं पुरतात आणि माजी पंतप्रधानाला अर्धा दिवस लागतो, हे गणित कुणीतरी मला समजावून सांगावं.

वर्ध्यात शोक कसा करतात याचे दोन दाखले या जिल्ह्याकडेच आहेत, आणि दोन्ही कामाचे आहेत. जमनालाल बजाज 11 फेब्रुवारी 1942ला वर्ध्यात अचानक गेले. वय जेमतेम बावन्न. गांधी त्यांना पाचवा मुलगा मानत. सेवाग्रामहून ते धावत आले, आणि मग त्याच महिन्यात त्यांनी जमनालालजींच्या मित्रांना पत्रं घालून वर्ध्याला बोलावलं. रडायला नाही. जमनालालजींची कोणती कामं अर्धी राहिली आहेत आणि ती कोण घेणार, हे ठरवायला. गोसेवा संघाचं काम जानकीदेवींनी घेतलं. नवरा जाऊन काही दिवसच झालेल्या बाईने. याला तेरवी म्हणा, सभा म्हणा, काहीही म्हणा. त्यात कुणाचं काम बंद झालं नाही, उलट वाटलं गेलं.

दुसरा दाखला सहा वर्षांनंतरचा. 1948च्या फेब्रुवारीत सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्त्यांची बैठक व्हायची होती, तिला गांधी स्वतः येणार होते. 30 जानेवारीला गोळ्या झाडल्या गेल्या. बैठक रद्द झाली नाही, पुढे गेली, आणि मार्चच्या मध्यात सेवाग्रामलाच भरली. नेहरू आले, मौलाना आझाद, राजेंद्रप्रसाद, विनोबा, कृपलानी, कुमारप्पा, जयप्रकाश. फाळणीच्या निर्वासितांचे लोंढे दिल्लीत, काश्मीरमध्ये लढाई चालू, आणि देशाचा पंतप्रधान आमच्या खेड्यात बसून आता पुढे काय करायचं यावर बोलत होता. त्या बैठकीतून सर्वोदय समाज निघाला. सर्वोदयवाल्यांनी पुढे काय केलं आणि काय केलं नाही यावर मी स्वतंत्र भांडेन. पण शोकाची रीत म्हणून मला ही रीत मान्य आहे.

लोकांचा स्वतःचा शोक बघायचा असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्धा किंवा सेवाग्राम स्टेशनवर उभं राहा. नागपूरकडून मुंबईला जाणाऱ्या गाड्या माणसांनी ओसंडून जातात. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर पोचायचं असतं. 1956पासून आजतागायत, तिसरी पिढी. यांतले कित्येक मजूर आहेत, कंत्राटी सफाई कामगार आहेत. आपल्या खिशातून, आपली मजुरी पाडून, पोळ्या बांधून घेऊन जातात. त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातल्या कचेऱ्या उघड्या असतात आणि त्याने या लोकांच्या श्रद्धेला तसूभरही कमीपणा येत नाही. येतानाच्या पिशवीत पुस्तकं असतात. दादरहून विकत घेतलेली.

कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही, हे सांगितलं पाहिजे, कारण असं काही लिहिलं की लगेच ‘बाबूलोक कामचुकार’ असा सूर लागतो. सुट्टी त्यांनी मागितलेली नसते. तलाठ्याला, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकाऱ्याला, एकेका माणसाला तीन-तीन गावं असतात; दुसऱ्या दिवशी तुंबलेलं सगळं त्याच्याच टेबलावर येतं. एखाद्या कारकुनाला मनमोहन सिंगांच्या जाण्याने खरंच भरून आलं असेल आणि घरी बसून अंत्ययात्रा बघावीशी वाटली असेल, तर त्याच्याकडे नैमित्तिक रजा आहे. ती त्याने घ्यावी. ती त्याची स्वतःची आहे, म्हणून तिला मोल आहे. अंत्ययात्रेच्या रस्त्यावरची दिल्लीतली कार्यालयं गर्दीमुळे बंद ठेवली तर तेही समजू शकतं. पण निगमबोध घाटावर चिता पेटली म्हणून हजार किलोमीटरवरच्या कार्यालयात अर्ज अडवायचा, याला मी शोक म्हणणार नाही.

त्याच दुखवट्यात कर्नाटक आणि तेलंगणाने 27 डिसेंबरला, शुक्रवारी, पूर्ण सुट्टी दिली. तो कामाचा दिवस होता. बेळगावात तेव्हा काँग्रेसच्या 1924च्या अधिवेशनाची शताब्दी चालू होती, ती रद्द झाली, आणि पक्षाने आपला कार्यक्रम रद्द करणं योग्यच होतं: त्यांचा नेता, त्यांचा मांडव. पण त्याच बेळगाव जिल्ह्यात त्या शुक्रवारी कुणी उताऱ्यासाठी, कुणी दाखल्यासाठी खेड्यातून निघाला असेल. त्याचा त्या मांडवाशी काय संबंध? रात्री दहाच्या सुमाराला मृत्यू, आणि सकाळी कचेरी बंद. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला हे दाराशी गेल्यावरच कळणार.

मी काही अशक्य मागत नाही, कारण हे आधी करून झालं आहे. डॉ. अब्दुल कलाम 27 जुलै 2015ला गेले. ते माजी राष्ट्रपती, आणि अलीकडच्या काळात त्यांच्याइतकं प्रेम क्वचितच कुणाला मिळालं असेल. केंद्राने सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला, ध्वज उतरवला, आणि कार्यालयांना सुट्टी दिली नाही. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, केंद्राची कार्यालयं चालू होती. कलामांचा मान त्यामुळे कमी झाला असं तेव्हाही कुणी म्हटलं नाही, आजही कुणी म्हणत नाही.

आपल्या राज्यानेही केलं आहे. रतन टाटा 9 ऑक्टोबर 2024च्या रात्री गेले. महाराष्ट्र शासनाने 10 तारखेला, गुरुवारी, एक दिवसाचा दुखवटा पाळला. झेंडा अर्ध्यावर आणि करमणुकीचे कार्यक्रम बंद एवढाच आदेश होता, कचेऱ्या बंद ठेवण्याचा नव्हता. त्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाची बैठकही झाली. तिच्यात शोकप्रस्ताव झाला, टाटांना भारतरत्न द्यावं अशी केंद्राला विनंती करणारा ठराव झाला. मंत्रालयात दुखवट्याच्या दिवशी बैठक भरू शकते. मग निराधार शाखेची खिडकीही उघडी राहू शकते.